करळाची साक्ष

आमचें मूळ गांव गुहागर तालुक्यांत, अगदीं समुद्राला लागून. गेल्या महाशिवरात्रीस वेळणेश्वराचें दर्शन घेऊन गांवीं आलों, आणि सायंकाळीं ओहोटी पाहून नातवासह वाळूंत उतरलों. पाण्याच्या कडेस, समुद्राकडे किंचित् कललेल्या मळकट फरशांपाशीं तो थबकला. हातानें चांचपून म्हणाला, “आजोबा, यांत शिंपले आहेत! हें सिमेंट कोणीं ओतलें?”

या दगडास कोंकणांत करळ म्हणतात, आणि त्याचा गवंडी समुद्रच होय. भरतीओहोटीच्या रेषांमधील वाळू दिवसांतून दोनदां भिजते व उन्हानें तापते. पाण्यांत विरघळलेला चुना कणांच्या फटींत स्फटिकरूपानें सांचतो, आणि शिंपल्यांसह वाळूचा दगड होतो. ही क्रिया बहुधा उष्ण समुद्रांच्या कांठीं, आणि तीहि या चिंचोळ्या पट्ट्यांतच घडते. म्हणून जेथें करळ, तेथें एके काळीं भरतीचा वावर. तो आजच्या भरतीहून उंच आढळला, तर त्या काळीं समुद्र उंच होता, किंवा मागाहून भूमि उचलली गेली, असें समजावें. शिंपल्यांतील कार्बनावरून वयहि काढतां येतें. कोंकणांतील कित्येक करळांचें वय कांहीं सहस्र वर्षांचें निघालें आहे.

सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील पुष्कळ पाणी हिमरूपानें गोठलें असून समुद्र आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होता. हिम वितळलें, आणि सुमारें ७,००० वर्षांपूर्वीं पाणी आजच्या पातळीजवळ आलें. परशुरामानें समुद्र हटविल्याची कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली. समुद्र मागेंपुढें होतो याचें प्रत्यक्ष प्रमाण पायांखालीं आहे, हें मात्र कधीं सांगितलें नाहीं.

घरीं परततांना नातवानें वाडीच्या गडग्याकडे बोट दाखविलें. तेच शिंपले! चाळीस वर्षांपूर्वीं हा गडगा आम्हींच घातला, आणि दगड फुकट मिळतो म्हणून किनाऱ्यावरून उपटून आणविला.

“मग परत नेऊन ठेवूं या,” तो म्हणाला.

परंतु कोणता दगड किती उंचीवर होता, हें आतां कोण सांगणार? साक्षीदार जागेवरून उठविला कीं त्याची साक्षहि संपते. शिवाय तेच थर लाटांचा मारा आपल्या अंगावर घेत असत. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्र सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर चढला. आमची वाडी आहे तेथेंच आहे. तिच्यापुढचा बांध मात्र आम्हींच सैल केला.

ज्यांच्या गांवीं करळ शिल्लक असेल, त्यांनीं मुलांना तो जागेवर दाखवावा; आणि गडग्यासाठीं चिरा विकत घ्यावा.