हत्ती पोसण्याआधी

वेगाची हौस ही पैसेवाल्यांची मिरास, असा एक समज आपल्या मध्यमवर्गीय घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. गाडी घ्यायची ती चार माणसे बसतील, पेट्रोल कमी पिईल आणि विकताना दोन पैसे परत देईल अशी; बाकी सारे चोचले. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला मोटारीकडे पाठ फिरवून बसता येत नाही. शनिवार-रविवारी मुंबई आणि पुणे अशा दोन्ही बाजूंनी गाड्यांचा लोंढा आमच्या गावावर येऊन थडकतो. ज्या मुलांचे बालपण असा लोंढा पाहण्यात गेले, त्यांच्या डोळ्यांत एखादी दमदार गाडी भरली तर नवल ते काय?

आमचा थोरला तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून दोनदा घाट उतरून मुंबईस सासुरवाडीची खेप, एवढा त्याचा प्रवास. २०२३ च्या पावसाळ्यात त्याने विषय काढला. "पप्पा, नवी छोटी गाडी घ्यायला जेवढे पैसे लागतील त्याच्या निम्म्यात जुनी, पण ताकदीची सेडान येते." हाताशी रक्कम होती तीन लाख. त्यातले निम्मे त्याचे आणि निम्मे आमच्या निवृत्तीच्या पुंजीतले. तेव्हा प्रश्न केवळ त्याच्या हौसेचा राहिला नाही; आम्हा उभयतांच्या म्हातारपणाच्या आधाराचाही झाला.

मुलाचे गणित कागदावर बिनचूक होते. मोटारीची किंमत सर्वांत झपाट्याने उतरते ती पहिल्या काही वर्षांत, आणि तो तोटा पहिला मालक सोसतो. त्यातही जोरकस इंजिनाच्या गाड्यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक थोडे. म्हणून त्या अधिकच उतरतात. त्याने यादी केली होती. या शतकाच्या आरंभीची १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक. २००४ साली आपल्याकडे आलेली, १.८ लिटर टर्बो इंजिनाची आणि १५० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन व्हेंटो टीएसआय. आणि शेवटी २०१० साली बाजारात आलेली फियाट लिनिया टी-जेट. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ही आमच्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली.

फियाट हे नाव ऐकून आमचेही कान टवकारले, हे मान्य केले पाहिजे. आमच्या पिढीला मोटार म्हटली की कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनीच आठवते. १०८९ सीसीचे ते इमानी इंजिन उन्हाळ्यात खंडाळ्याच्या चढणीवर हमखास तापायचे. रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून, रेडिएटरवर ओले फडके धरून उभी असलेली कुटुंबे हे जुन्या बोरघाटाचे नित्याचे दृश्य होते. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. लिनियाची विक्री त्याच्याही काही वर्षे आधी थांबली होती. रांजणगावात आता जीप गाड्या बनतात. म्हणजे आम्ही जिचा विचार करत होतो, ती गाडी माहेर बंद झालेल्या लेकीसारखी होती. सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात.

या टप्प्यावर आम्ही कामशेतच्या एका वयोवृद्ध मेकॅनिकचा सल्ला घेतला. त्यांनी यादी वाचली, हसले आणि म्हणाले, "सर, हत्ती स्वस्तात मिळतो, चारा स्वस्तात मिळत नाही." पुढे त्यांनी जे सांगितले ते आम्ही वहीत उतरवून घेतले. गाडी दोन लाखांना उतरली तरी तिचे टायर, क्लच, टर्बो आणि ब्रेक नव्या गाडीच्या भावानेच मिळतात. म्हणून हाताशी तीन लाख असतील, तर गाडी दोन लाखांच्या आतली पाहायची आणि तिसरा लाख पहिल्या वर्षाच्या डागडुजीसाठी अलग ठेवायचा. ज्या गाडीच्या एकाच दुरुस्तीत हा लाख संपेल, तिच्याकडे वळूनही पाहायचे नाही. या एका नियमाने यादी झरझर गळाली. सात गिअरची स्वयंचलित पेटी बिघडली तर तिचाच खर्च जड. म्हणून ती गेली. वीस वर्षांच्या गाड्यांची पंधरा वर्षांची मूळ नोंदणी केव्हाच संपलेली. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि फेरनोंदणी आली. या फेरनोंदणीचे शुल्कच १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेले होते. त्याही गेल्या. उरली लिनिया.

मुलाचे लक्ष टर्बोवर, आमचे ब्रेकवर. त्याचे कारण घाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर. खोपोली जवळजवळ तळाला. एवढी उंची काही मैलांत उतरताना गाडीच्या वजनात साठलेली सारी शक्ती ब्रेकच्या चकत्यांनाच उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. शिवाय वेग साठवरून शंभरावर नेला, की थांबवायची शक्ती दीडपट-पावणेदोनपट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते; कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. म्हणूनच उतारावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरावे. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकून उतरणे हा आत्मघात होय.

रेल्वेने हे शहाणपण फार पूर्वी ओळखले. १८६३ साली बोरघाटातून रूळमार्ग सुरू झाला, तो ३७ फुटांना एक फूट एवढ्या चढणीचा. वर चढायला कर्जतपासून मागे जोडलेली इंजिने गाडीला रेटा देतात. परंतु तेवढीच काळजी उतरणीचीही घेतली गेली. सुटलेली गाडी दरीत न जाता चढावर जाऊन थांबावी, यासाठी घाटात खास रूळ टाकलेले आहेत. चढण्याचा खर्च आणि थांबण्याचा खर्च एकाच हिशेबात धरण्याची ही रीत आम्हाला मोटारीलाही लागू वाटली. मुलाला आम्ही स्पष्ट सांगितले, की अलग ठेवलेल्या लाखातला पहिला रुपया ब्रेक आणि टायर यांवर खर्च होईल. शोभेच्या वस्तूंवर एकही नाही. त्याचा चेहरा पडला, पण त्याने मान्य केले.

अशी गाडी अखेर तळेगावात सापडली. २०११ ची, एकहाती वापरलेली, ५८ हजार किलोमीटर चाललेली. मालक वर्षापूर्वी निवर्तलेले. त्यांच्या पत्नीला गाडी चालवता येत नव्हती आणि अंगणात उभी गाडी पाहवतही नव्हती. एका दलालाने तिला सव्वा लाखाचा भाव सांगितला होता आणि २९ व ३० क्रमांकाच्या कोऱ्या अर्जांवर नुसत्या सह्या करून द्या, पुढचे मी पाहतो, असे आश्वासनही दिले होते. आम्ही गेलो तेव्हा ती म्हणाली, "तेवढ्यालाच तुम्ही न्या. निदान ओळखीच्या घरात जाईल."

आता येथे खरा प्रश्न उभा राहिला. तशाच अवस्थेतील गाड्या तेव्हा पावणेदोन ते दोन लाखांना जात होत्या. आमच्या मुलाने तर बाजार पिंजून काढला होता. आम्ही गप्प राहिलो असतो, तर पन्नास-साठ हजार सरळ वाचत होते, आणि कायद्याने कोणी बोट ठेवू शकले नसते. बाहेर आल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "पप्पा, भाव तिनेच सांगितला आहे." त्याच्या आईने उत्तर दिले, "भाव दलालाने सांगितला आहे. तिने फक्त ऐकला आहे." एवढ्यावर तो विषय मिटला. आम्ही परत आत जाऊन बाईंना बाजारभाव सांगितला आणि व्यवहार एक लाख ऐंशी हजारांवर ठरवला. दोन लाखांच्या मर्यादेत तो बसतही होता.

कोऱ्या सह्यांचेही आम्ही होऊ दिले नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी हातोहात चौघांना विकली गेली, पण नाव बदलले नाही, तर अपघाताची भरपाई मूळ नोंदणीधारकाच्या दारी येते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले आहे. तेव्हा कोऱ्या कागदावर सही म्हणजे परक्याच्या अपराधाला जामीन राहणे. मालक मृत असेल तर प्रथम ३१ क्रमांकाचा अर्ज भरून गाडी वारसाच्या नावे करायची, आणि मगच २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांनी ती विकायची. बाईंच्या दोन मुली. एक नाशिकला, एक दुबईला. दोघींची संमतिपत्रे येईपर्यंत सात आठवडे गेले. त्या काळात मुलाला दुसरी एक चकचकीत, त्याहून जोरकस गाडी कोणी दाखवली. ती बाहेरून लखलखत होती, परंतु सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्यावर वाळलेल्या गाळाची रेघ निघाली. पुरात बुडालेली गाडी रंगाने लपते, पट्ट्याने लपत नाही.

लिनियाची तपासणी कामशेतकरांनी दिवसभर केली. थंड इंजिन सुरू करून निळा धूर येतो का पाहिले, टर्बोच्या नळ्यांवर तेल आहे का ते बोट फिरवून पाहिले. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. मावळातली गाडी म्हटली की गालिचे उचलून पत्र्याचा गंज पाहावाच लागतो. टायर दिसायला नवे होते, पण त्यांच्या कडेवरचे चार अंक सांगत होते, की ते २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनले आहेत. सात वर्षांचे रबर घाटात चालणार नाही. चार नवे टायर, ब्रेकच्या चकत्या आणि पॅड, वयोमानाने बदलायलाच हवा असा टायमिंग बेल्ट, त्याच्याबरोबर पाण्याचा पंप आणि काही रबरी नळ्या, असा एकूण खर्च ६८ हजार झाला. विमा नव्या नावावर करून घेतला. त्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. सारे करून तीन लाखांतले चाळीस हजारांच्या आसपास उरले. २०२६ मध्ये पंधरा वर्षे भरताच येणारी फेरनोंदणी त्यातून करायची, असे तेव्हाच ठरवून ठेवले.

पुढचे खर्च संपले, असे मात्र कोणी समजू नये. २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभरच्या पंपांवर आले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून त्यांवर नजर ठेवावी लागते. मुलगा आता दर महिन्याला दोन हजार रुपये गाडीच्या नावाने बाजूला टाकतो. त्याला तो "चारा" म्हणतो. द्रुतगती मार्गावर तो मर्यादेतच चालवतो. कॅमेऱ्यांचा धाक आहेच, परंतु ब्रेकच्या चकत्यांची किंमत त्याने स्वतः मोजलेली आहे, हे कारण आम्हाला अधिक मोठे वाटते.

दमदार गाडीची हौस वाईट नव्हे. चढणीवर टर्बोचा जोर जाणवतो तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या आम्हा म्हाताऱ्यांनाही बरे वाटते, हे कबूल करायला संकोच कशाला? मात्र तोकड्या खिशाने ही हौस करायची, तर गाडीची किंमत हा हिशेबाचा पहिलाच आकडा आहे, हे जाणून करावी. त्याखाली तिला थांबवण्याचा खर्च लिहावा, तिला पोसण्याचा लिहावा, आणि विकणाऱ्याचे जे न्याय्य देणे असेल तेही लिहावे. एवढे मांडूनही बेरीज खिशात बसत असेल, तर खुशाल किल्ली हातात घ्यावी. बसत नसेल, तर नवी छोटी गाडीही घाट उत्तम चढते. असो.