हत्यारांची माहेरं

कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाची बॅग एकदा निरखून बघावी. तिच्यात खास कॉम्प्युटरचं असं फारच थोडं निघतं. रंगाऱ्याचा ब्रश, शाळकरी पोराचं खोडरबर, घासून वाकलेला टूथब्रश, घड्याळजीचं भिंग, इलेक्ट्रिशियनचा टेस्टर, दवाखान्यातलं सर्जिकल ब्लेड, कचेरीतल्या टाचण्यांच्या डबीतली एक यू-पिन. ज्या यंत्रानं जगातल्या बहुतेक धंद्यांत घुसखोरी केली, ते आजारी पडलं की त्याच धंद्यांकडे उसनवारी करावी लागते, याची मला मोठी गंमत वाटते. आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला पुण्याच्या तपकीर गल्लीतून माल उचलतो आणि स्कूटरवरून घरोघर हिंडतो. तो टेबलावर पसारा मांडतो तेव्हा एकेका हत्याराचं माहेर शोधत बसणं हा माझा आवडता चाळा.

ज्याला आपल्याकडे कुणी ‘प्लस’ म्हणतं, कुणी ‘स्टार’, तो स्क्रू ड्रायव्हर मोटारींच्या कारखान्यातला. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सनं जॉन थॉम्प्सन नावाच्या माणसाची कल्पना विकत घेतली, ती सुधारली आणि १९३६ साली पेटंटं मिळवली. जनरल मोटर्सनं कॅडिलॅकच्या जुळणीत तो स्क्रू वापरला आणि त्याचं नशीब उघडलं. चपट्या खाचेत टोक बसवायला नजर लागते. फुलीच्या खाचेत ते आपसूक मधोमध बसतं. घाई मोटारवाल्यांना होती. सोय मात्र आपल्याला झाली, कॅबिनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हात जेमतेम पोचत असतो तेव्हा.

स्क्रूंचीही दोन घराणी एकाच डब्यात नांदतात. एक अमेरिकी इंचाच्या हिशेबातलं, इंचाला बत्तीस आटे. दुसरं तीन मिलिमीटरचं, मेट्रिक. साडेतीन इंची हार्ड डिस्कला पहिलं लागतं, सीडी ड्राइव्हला आणि अडीच इंची एसएसडीला दुसरं. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, अदलाबदल झाली की आटे खाल्लेच म्हणून समजा. आमचा दुरुस्तीवाला सगळे स्क्रू चुंबकाच्या वाटीत टाकतो आणि गप्पा मारता मारता नखानं आटे चाचपून वेगळे करतो. मोकळे आटे इंची, दाट आटे मेट्रिक. त्याला हे कुणी शिकवलं नाही.

मल्टिमीटरचं माहेर टपाल खातं. ब्रिटनमध्ये टेलिफोनचा कारभार तेव्हा टपाल खात्याकडेच होता. तिथल्या डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्याला म्हणे तारा तपासायला निघताना वेगवेगळी मापकं वागवत फिरण्याचा कंटाळा आला, आणि त्यातून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापं एकाच पेटीत बसवलेलं ‘ॲव्हो’ जन्मलं. १९२३ साली ते बाजारात आलं. आजचा पिवळा मीटर त्याचाच वारस, पण दुरुस्तीवाल्याला त्यातला आकडा क्वचितच लागतो. त्याला हवा असतो बझर. दोन सळ्या टेकवल्या, पीं वाजलं, वाट सलग आहे. जिथे वाजायला नको तिथे वाजलं, शॉर्ट आहे. मदरबोर्डावरचा तीन व्होल्टचा बटण सेल मात्र तो आकडा बघूनच बदलतो. हा सेल उतरला की कॉम्प्युटर रोज सकाळी कुठली तरी जुनी तारीख धरून उठतो, मग बँकेची साइट सुरक्षा प्रमाणपत्राच्या तारखेवरून दार लावून घेते आणि घरमालक इंटरनेटवाल्याला शिव्या देतो. रोग घड्याळात, बोंब इंटरनेटच्या नावानं!

पण माझा खरा जीव टेस्टरवर आहे. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियाचा असो की फुटपाथवरचा, तो प्रत्येक घरात असतो आणि टेस्टिंग सोडून इतर सगळ्या कामांना वापरला जातो. त्याच्या पारदर्शक मुठीत एक मोठा रोधक आणि चिमुकला निऑनचा दिवा असतो. मागच्या टोकाला बोट लावलं की अगदी नगण्य प्रवाह आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. म्हणजे या हत्याराचा शेवटचा सुटा भाग आपण स्वतः असतो.

“कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात” ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. दुरुस्तीवाला टेस्टर टेकवतो, दिवा मंद पेटतो, आणि लोक म्हणतात, कॉम्प्युटर खराब झाला. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजमधून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलमधून. गोंगाट पत्र्यावर यावा आणि अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जावा, अशी योजना. सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगच नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो आणि त्याच्यावर मुख्य विजेच्या निम्मा दाब, शे-सव्वाशे व्होल्ट, येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. उपाय भिंतीत असतो, पेटीत नाही. पण भिंत खणायला कुणी तयार होत नाही. पायाखाली लाकडी पाट घेऊन वर्षानुवर्षं टायपिंग चालतं.

याच कारणानं मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा आपल्याकडे कुणी बांधताना दिसत नाही. अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवायला तीनेक हजार व्होल्ट व्हावे लागतात, चिप मात्र त्याहून कितीतरी कमी दाबानं निकामी होऊ शकते. म्हणून तो पट्टा. पण तो अडकवायचा कशाला? अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटला? मुंबईच्या दमट हवेत पट्ट्यावाचून चालून जातं. हिवाळ्यातल्या कोरड्या नागपुरात, स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात तेव्हा, मी तरी रॅमला हात लावणार नाही.

सोल्डरिंगचा वास आला की मला कल्हईवाला आठवतो. पातेलं भट्टीवर तापवून तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, तांब्या-पितळेवरचा मळ जळून जायचा आणि मग कथील झरझर पसरायचं. बोर्डावर नेमकं हेच घडतं, फक्त मसुरीच्या दाण्याहून लहान जागेत. नवसागर इथे चालत नाही, तो मागाहून तांबं खात बसतो. त्याच्या जागी राळ येते, पाइनच्या झाडाची, जी सारंगीच्या आणि व्हायोलिनच्या गजाला घासतात तीच. दुरुस्तीवाले तिला नुसतं ‘पेस्ट’ म्हणतात. जुन्या डाखात त्रेसष्ट टक्के कथील आणि सदतीस टक्के शिसं. हे प्रमाण मोठ्या अकलेचं आहे: मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि निवताना एकदम घट्ट होतं, मध्ये चिखलासारखी अवस्थाच येत नाही. जुलै २००६ पासून युरोपनं शिशाला बंदी घातली आणि जगभरचे कारखाने कथील, चांदी, तांबं यांच्या मिश्रणाकडे वळले. ते वितळायला २१७ अंशांच्या आसपास लागतात. पंचवीस वॅटचं साधं आयर्न तिथे हिरमुसतं. मग दुरुस्तीवाले नव्या डाखावर जुन्या शिशाच्या तारेचा थेंब मिसळतात. दोन्ही मिळून लवकर वितळतात आणि अडून बसलेला भाग सुटतो. शिसं विषारी, बंदी योग्यच. पण चहाच्या ग्लासाला हात लावण्याआधी हात धुणारा दुरुस्तीवाला मला अजून दिसायचा आहे.

शेजारच्या चिपा भाजू नयेत म्हणून हॉट एअर मारण्याआधी जी पिवळी पारदर्शक पट्टी चिकटवतात, ती कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकची. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या लूनार मॉड्यूलला सोनेरी कागदासारखं जे गुंडाळलेलं दिसतं, त्यात हेच कॅप्टॉन होतं, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं. आणि तुटलेल्या ट्रॅकवर जंपर मारायची तार येते मोटर वाइंडिंगवाल्याकडून. सर्जिकल ब्लेडनं बोर्डावरची हिरवी साय खरवडायची, केसाएवढी तार दोन्हीकडे टाकायची, बझर वाजवून बघायचा.

खोडरबर आणि रॅमची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कॉम्प्युटर बीप बीप करत बसला की रॅम काढतात, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतात, परत बसवतात; चालू. अभियंते नाक मुरडतात, कारण घासण्यानं आधीच पातळ असलेला मुलामा झिजतो. माझा अंदाज असा, की निम्मं काम काढण्या-बसवण्यानंच होतं आणि श्रेय खोडरबर खातं.

मग कॉम्प्युटरचं स्वतःचं, घरातच जन्मलेलं हत्यार कुठलं? मला दोन दिसतात. एक डिबग कार्ड. कॉम्प्युटर उठताना स्वतःच्या तब्येतीची एकेक पायरी ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवर लिहीत जातो. हे कार्ड ते दोन अक्षरी आकड्यात दाखवतं. जिथे आकडा अडकला तिथे दुखणं. दुसरं हत्यार उलट्या स्वभावाचं. २००९ साली ॲपलनं मॅकबुक प्रोच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचे स्क्रू लावले, पेंटालोब. फिलिप्सची फुली स्क्रू लवकर बसावा म्हणून निघाली. ही पाकळी मालकानं स्वतःची वस्तू उघडू नये म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिचा ड्रायव्हर आता चिल्लर भावात मिळतो, हा भाग वेगळा.

परवा दुरुस्तीवाल्याला सांगितलं, फ्रेमवर्क नावाची एक अमेरिकी कंपनी लॅपटॉपबरोबर खोक्यातच स्क्रू ड्रायव्हर देते, की बाबा, तुझं तूच उघड. त्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपच्या तळाचा शेवटचा स्क्रू वाटीत टाकला.

“फुकट नसणार, काका. लॅपटॉपच्या किमतीत लावलेला असणार.”