दोन पंज्या आणि डबाभर चिंचोके

गौरी जेवल्या, आरत्या झाल्या, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, माथेरानचा डोंगर ढगात पार बुडाला होता, आणि नेरळच्या आमच्या माजघरात जागरणाचे पत्ते निघाले. दरवर्षी आम्ही तीन पत्ती खेळतो, तीही चिंचोक्यांवर. पैशाला हात लावायचा नाही हा सासूबाईंच्या काळापासूनचा नियम. यंदा कर्जत लोकलने आलेला भाचा म्हणाला, "मामी, आज पोकर खेळू. टूर्नामेंट!" आणि त्या एका रात्रीने माझ्या डोक्यात जे काही पेटवलंय, ते अजून विझलेलं नाही!

आम्ही आठ जण. प्रत्येकाला 200 चिंचोके. हातात दोनच पत्ते, बाकीचे पाच सगळ्यांचे मिळून मधे उघडायचे: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. पहिल्या तिघांना फ्लॉप म्हणतात. ब्लाइंड म्हणजे इथे न बघता खेळलेली चाल नव्हे. दोघांनी दर डावाला सक्तीने टाकायचे ते चिंचोके, सुरुवातीला 1 आणि 2. दर वीस मिनिटांनी ते वाढत जातात. संपले चिंचोके की माणूस बाहेर, नवे मिळत नाहीत.

तासाभरातच माझ्या हातात दोन पंज्या आल्या. तीन पत्तीत वाढलेल्या माणसाला जोडी म्हणजे काय वाटतं ते सांगायला नको, छाती फुगतेच! पण भाऊजी सगळ्यांत पहिले बोलायच्या जागी होते आणि त्यांनी 5 चा रेझ केला. मागे सात जण बोलायचे असताना पहिल्याच जागेवरून वाढवणारा माणूस हलक्या पत्त्यांवर वाढवत नाही. त्याच्याकडे एक्के, राजे, राण्या असंच काहीतरी असणार. मी 5 टाकून नुसता कॉल केला. फ्लॉप आला: बदामचा राजा, किल्वरची पंजी, चौकटची दुर्री. तिसरी पंजी! पोकरमध्ये याला सेट म्हणतात. भाऊजी लावत गेले, मी मागोमाग देत गेले, शेवटच्या पत्त्यावर त्यांनी सगळं पुढे सारलं. त्यांच्याकडे दोन एक्के होते. माझ्या पंज्या कुणाला दिसल्याच नव्हत्या!

मध्यरात्र उलटल्यावर ब्लाइंड 10 आणि 20 झाले होते. माझ्यासमोर 400 चिंचोके, पहिल्या जागेवरच्या जाऊबाईंसमोरही साधारण तेवढेच. त्यांनी 50 चा रेझ केला, माझ्या हातात दोन छक्क्या. पंज्यांची आठवण ताजी, मी आनंदाने 50 टाकले. फ्लॉपवर राणी, दश्शी, तिर्री. पत्ते टाकून दिले. भाचा हळूच म्हणाला, "मामी, मगाशी बरोबर केलंस, आत्ता चुकलं." जोडी तशीच, रेझ तशाच जागेवरून, मग फरक कुठे?

सकाळी चहाच्या आधी वही घेऊन बसले. आपले दोन पत्ते गेले, उरले 50. त्यातून तीन पत्त्यांचे फ्लॉप होतात 19,600. त्यांपैकी 17,296 फ्लॉपमध्ये आपली पंजी नसतेच. उरतात 2,304. म्हणजे साडेआठ वेळा फ्लॉप पाहावा तेव्हा कुठे एकदा सेट! साडेसात वेळा टाकलेलं पाण्यात. 5 चिंचोक्यांच्या हिशेबाने ही घट साडेसदतीस. एकदा सेट लागला की किमान तेवढे परत यायला हवेत. सेट लागूनही समोरचा कधी पळून जातो, कधी शेवटच्या पत्त्यावर आपल्याला मारतो, म्हणून सरळ दुप्पट धरा: 75. पाचाची पंधरापट. दोघांसमोर जवळजवळ दोनशे असताना एवढे मिळण्याची आशा अगदी रास्त!

आता छक्क्या. 50 च्या हिशेबाने घट 375. आणि मिळण्यासारखं होतं किती? जाऊबाईंचे 50, ब्लाइंडचे 30, त्यांचे उरलेले 350. सगळे मिळून 430. म्हणजे जवळजवळ दर वेळी त्यांचं सगळंच्या सगळं घेतलं तरच बरोबरी! मला हे दिसलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येकाला सांगत सुटले. छोट्या जोडीची किंमत तिच्यात नसते, समोर शिल्लक असलेल्या ढिगात असते, आणि दोघांपैकी ज्याचा ढीग लहान, तोच मोजायचा. रात्री दहाच्या दोन पंज्या आणि एकच्या दोन पंज्या हे वेगवेगळे पत्ते आहेत!

आणि सगळ्यांत सुंदर गोष्ट ही की ढीग खोल असताना समोरच्याचा हात जितका भारी, तितकं आपलं भलं. हलक्या हाताचा माणूस फ्लॉपनंतर सोडून देतो. एक्केवाल्याला सोडवत नाही. फक्त आपल्यामागे कोण बसलंय ते पाहायचं. मागून कुणी मोठा रेझ मारला तर फ्लॉप न बघताच आपले चिंचोके जातात. स्वतः बिग ब्लाइंडवर, म्हणजे दोघांतला मोठा ब्लाइंड टाकायच्या जागी असलो तर मात्र थोडं आधीच टाकलेलं असतं, फ्लॉप स्वस्तात मिळतो, मागून मारणाराही कुणी नसतो.

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या टेबलांवर हेच गणित चालतं. 2017 साली निपुण जावा आणि आदित्य सुशांत या भारतीय जोडीने लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये टॅग टीमची स्पर्धा जिंकली, तिथेही ब्लाइंड असेच चढत जात होते. पैसे लावायचे तर आपल्याकडे 1887 पासूनचा जुगारबंदीचा कायदा आहे. पण या गणिताला पैसा लागतच नाही, आम्हाला परसातली चिंच पुरली.

तेव्हा पुढच्या जागरणाला पत्त्यांचा एक जोड आणि डबाभर चिंचोके घेऊन बसा, ब्लाइंड वाढवत न्या, आणि हातात दुर्र्या, पंज्या, छक्क्या आल्या की टाकण्याआधी दोघांसमोरचे ढीग मोजा. पंधरापट दिसले तर बिनधास्त टाका.