हार्डनॉटचा उतार आणि मागचा ब्रेक

इंग्लंडमध्ये डोंगर आहेतच कुठे, असं इकडे आलेला सह्याद्रीकडचा माणूस पहिली काही वर्षं हमखास म्हणतो. इथलं सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक, ते ९७८ मीटरचं. आपलं महाबळेश्वरचं पठारसुद्धा त्याहून उंच. पण उंची वेगळी आणि उतार वेगळा. उतार म्हणजे काय ते बघायचं असेल, तर लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट पासला जावं. खिंडीची उंची जेमतेम ३९३ मीटर. पण रस्ता सर्वांत उभ्या जागी ‘१ इन ३’चा. तीन मीटर पुढे जाताना एक मीटर खाली, म्हणजे ३३ टक्के उतार!

मी मूळचा वाईचा. पसरणीचा घाट लहानपणी इतक्यांदा चढलो-उतरलो, की घाट म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. तो लांबलचक आणि वळणावळणाचा, पण चढ बेताचा. भरलेली एसटी वर गेली पाहिजे या हिशेबाचा. हार्डनॉटच्या रस्त्याला असला हिशेब माहीत नाही. रुंदी एका गाडीपुरती, मधूनमधून समोरच्याला वाट द्यायला थोडी जागा आणि रस्त्यावर निवांत बसलेल्या हर्डविक मेंढ्या. या मेंढ्यांची कोकरं जन्मतात काळीभोर आणि वाढत्या वयात करडी होत जातात. आपल्यासारखंच म्हणायचं.

आम्ही राहतो लँकेस्टरला. तिथून केंडल, विंडरमिअर, अँबलसाइड असं उत्तरेला जायचं. केंडलला मिंट केक मिळतो. नाव केक असलं तरी ती पुदिन्याच्या वासाची साखरेची वडीच. ती खिशात टाकायची आणि अँबलसाइडच्या पुढे लिटल लँगडेलचा अरुंद रस्ता धरायचा. आधी रायनोज पास लागतो. त्याच्या माथ्यावर एक उभा दगड आहे. लँकेशर, कंबरलंड आणि वेस्टमोरलंड या तीन जुन्या परगण्यांच्या सीमा तिथे मिळत. मग खाली डडन नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि समोर हार्डनॉटची भिंत उभी राहते.

मंडळातले बरेच जण ही वाट कारने जाऊन आले आहेत. मी जातो मोटरसायकलवर. जूनच्या शेवटी लेक विद्यापीठातून सुट्टीला घरी आली होती. एकोणीस वर्षांची पोर आपण होऊन बापाच्या मागे बसायला तयार झाली, हे भाग्य वारंवार मिळत नाही. निघालो.

इथे ब्रेकबद्दल थोडं सांगायला हवं. सपाट रस्त्यावर मोटरसायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं. पण उभ्या उतारावर, ओल्या रस्त्यावर, हँडल वळवलेलं असताना पुढचं चाक अडकलं तर गाडी घसरलीच. अशा वळणावर पहिला गिअर आणि पायाखालचा मागचा ब्रेक यांच्यावरच भिस्त. त्यात इथला नियम असा, की चढून येणाऱ्याला शक्य तिथे आधी वाट द्यायची. म्हणजे उतरणाऱ्याने थांबायचं, आणि तेही ब्रेकवरच.

माथ्यावरून एस्कडेलच्या बाजूला उतरताना चौथ्या-पाचव्या वळणापाशी माझ्या पायाखालचं पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते पार तळाला गेलं. ब्रेक नाहीच! पुढचा ब्रेक हलक्या हाताने धरत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून मी रस्त्याकडेच्या छोट्या मोकळ्या जागेपर्यंत आलो. ती जागा नेमकी रोमन किल्ल्याच्या पायथ्याची.

गाडीखाली वाकून पाहिलं. तेल कुठेही गळत नव्हतं. मागच्या डिस्कजवळ हात नेला तर धग लागली. आता ती निवेपर्यंत थांबायचं, म्हणून आम्ही किल्ला पाहायला चढलो.

रोमन लोक या किल्ल्याला मेडिओबॉग्डम म्हणत. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२० ते १३८ च्या दरम्यान, तो बांधला गेला. तटाच्या भिंती, धान्याचं कोठार, सेनानायकाचं घर यांचे चौथरे आजही दिसतात. तटाबाहेर स्नानगृह आहे, त्याला गरम पाण्याची सोय होती. इथे पहारा करणारे शिपाई रोमचे नव्हते. ते डाल्मेशियाचे, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचे. उन्हातली, ऑलिव्हच्या झाडांमधली माणसं या पावसात आणून बसवलेली. लेक म्हणाली, “बाबा, ही तर आपल्यासारखीच. नोकरीसाठी आली.” मी म्हटलं, “त्यांना घरी डाळ तरी मिळत नव्हती.”

अर्ध्या-पाऊण तासाने खाली आलो आणि पेडल दाबलं. जणू काही झालंच नव्हतं, इतकं ते पूर्ववत घट्ट होतं!

या एका गोष्टीवरून निदान होतं. पेडल तापल्यावर बसलं आणि निवल्यावर परत आलं, याचा अर्थ ब्रेकमधलं तेल उकळलं होतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर तेलातून थेट चाकापर्यंत पोचतो. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो. निवल्यावर वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल घट्ट लागतं. घट्ट लागलं म्हणून ब्रेक बरा झाला असं नाही. पुढच्या उतारावर तेच होणार.

म्हणून लेकीला मी परत मागे बसवलं नाही. ती दरीच्या तळापर्यंत पायी उतरली, मी गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू खाली आणली. परत येताना खिंडीचा नाद सोडून किनाऱ्याकडचा लांबचा, सपाट रस्ता धरला. घरी सगळी हकिगत ऐकून बायकोने निकाल दिला: “ब्रेक नीट होईपर्यंत त्या गाडीवर मागे कोणी बसणार नाही.” त्यावर अपील नव्हतं.

वाईत माझ्या वडिलांची राजदूत होती. तिचे ब्रेक ड्रमचे. ब्रेक सैल झाला की मागच्या दांडीचा नट दोन आटे फिरवायचा. त्यात तेल नाही आणि हवा नाही. त्याहून जास्त काही असलं तर कोपऱ्यावरचा मिस्त्री. इथे कोपऱ्यावर मिस्त्री नसतो. गॅरेजची वेळ घ्यावी लागते आणि मजुरी तासावर असते. त्यामुळे इथला माणूस घरामागच्या चार फरश्यांच्या अंगणात पान्हे घेऊन बसतो. आमच्या रांगेतल्या दगडी घरांच्या मागे प्रत्येकाचं असं एक अंगण आहे, आणि शनिवारी दुपारी पाऊस नसला तर त्यातून हातोडी, रेडिओ आणि चहाच्या कपांचे आवाज येत असतात. या देशाची ओळख मला राजवाड्यांपेक्षा या अंगणांमधून जास्त झाली.

शनिवारी गाडी स्टँडवर चढवली. पहिल्यांदा तेल पाहिलं. नवं तेल जवळजवळ पाण्याच्या रंगाचं असतं, हे निघालं कोऱ्या चहासारखं. गाडी मी वसंतात जुनी घेतलेली. वार्षिक एमओटी तपासणीत ब्रेक पास होता, पण त्या तपासणीत कोणी गाडी हार्डनॉटवरून उतरवत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, उघड्या डब्यातला गूळ पावसाळ्यात घेतो तसं. नवं डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं, की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी फिरो वा न फिरो.

दुसरं कारण चाक हाताने फिरवल्यावर कळलं. ते मोकळं फिरत नव्हतं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडून गंजल्या होत्या. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते सगळीकडे शिरतं. त्यामुळे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचे आणि ब्रेक आपोआप तापायचा. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं. पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना, तेही पाहिलं. ती नसेल तर तापून फुगलेल्या तेलाला टाकीत परतायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आणखी आवळतो.

मग तेल बदलणं. या कामाला दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक पान्ह्यावर. पेडलवर लेक. टाकीतलं जुनं तेल सिरिंजने ओढून घेतलं आणि सीलबंद बाटलीतलं नवं भरलं. कॅलिपरच्या निपलवर पान्हा, निपलच्या तोंडाला पारदर्शक नळी आणि नळीचं दुसरं टोक बरणीतल्या तेलात बुडवलेलं. आजूबाजूच्या रंगावर ओली फडकी, कारण हे तेल रंग खातं. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे.

“दाब.” तिने दोन-तीनदा दाबून पेडल धरलं. “धरलं.” मी निपल पाव फेरा उघडला, काळपट तेल नळीतून आलं, पेडल खाली गेलं. मी निपल बंद केला. “सोड.” हा क्रम मोडायचा नाही. निपल बंद होण्याआधी पाय सुटला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि दर आठ-दहा वेळांनी टाकीत तेल भरायचं. टाकी रिकामी झाली की वरूनही हवा शिरते.

दाब, धरलं, सोड. एरवी आमच्या लेकीचं मराठी ‘हो’, ‘नको’ आणि ‘भूक लागली’ एवढ्यावर भागतं. त्या दुपारी तासभर अंगणात अस्खलित मराठी चाललं होतं.

नळीतून स्वच्छ तेल येऊ लागलं, बुडबुडे थांबले. तरीही पेडल थोडं स्पंजासारखंच लागत होतं. पुन्हा वीस वेळा केलं, फरक नाही. एवढ्यात शेजारचे आजोबा भिंतीवरून डोकावले. ते आयुष्यभर बसच्या कार्यशाळेत काम केलेले गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, “हवा वर जाते. मग तुमच्या ब्रेकमध्ये ‘वर’ कुठे आहे?”

प्रश्न बिनतोड होता. मागच्या ब्रेकचा कॅलिपर चाकापाशी आणि मास्टर सिलिंडर पायाजवळ, जवळपास त्याच उंचीवर. मधली नळी वर चढून परत खाली येते. कॅलिपर ज्या कलाने बसला होता, त्यात निपल सर्वांत उंच जागी नव्हताच. म्हणजे थोडी हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसणार आणि तेल तिच्या खालून निघून जाणार. गावाकडे गच्चीवरच्या टाकीच्या पाइपमध्ये हवा धरली की नळाला पाणी येत नाही, तेच हे. आणि आपल्यातले डॉक्टर-नर्स सलाइनच्या नळीला टिचक्या मारतात, तोच त्यावरचा उपाय.

दोन बोल्ट काढून कॅलिपर चाकावरून सोडवला. पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून दोन पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घातली. मग निपल सर्वांत वर येईल असा कॅलिपर उंच धरला आणि नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. दाब, धरलं... नळीतून हरभऱ्याएवढा एक बुडबुडा गेला. मागोमाग दोन लहान. मग नुसतं तेल. कॅलिपर जागेवर बसवला, बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने आवळले, पेडल दोन-चारदा दाबून पॅड डिस्कला भिडवले. पेडल आता दगडासारखं लागत होतं.

घरी हे काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. थंड असताना पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि गळती दिसत नसेल, तर हवेऐवजी मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावर संशय घ्यावा. आणि एबीएसच्या डब्यात हवा शिरली असेल, तर ती काढायला बहुधा गॅरेजमधलं यंत्र लागतं. तिथे हट्ट करू नये. ब्रेकच्या बाबतीत ‘बहुतेक ठीक आहे’ म्हणजे ठीक नाही.

संध्याकाळी मागच्या बोळात पायी चालण्याच्या वेगाने गाडी तपासली, दुसऱ्या दिवशी गावातल्या किल्ल्याच्या उतारावर. दोन्हीकडे डिस्क बेताची गरम आणि पेडल घट्ट. बायकोने स्वतः पेडल दाबून पाहिलं आणि बंदी उठवली. जुनं तेल बाटलीत भरून नगरपालिकेच्या केंद्रावर देऊन आलो. ते गटारात ओतायचं नसतं.

तेल बदलल्याचा महिना विसरू नये म्हणून सीटखाली चिकटवायला चिठ्ठी हवी होती. ती लेकीने लिहिली, देवनागरीत: ‘ब्रेक तेल, जुलै’. ‘ब्रे’चा रफार की रकार, हे मला एकदा विचारून. दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं. तोवर ती एकवीसची होईल, कुठे असेल देव जाणे. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, “येईन ना. पण तेव्हा पेडलवर तू. पान्हा माझ्याकडे.”