पेल्यावरचा पहारा

मी पीत नाही, तरीही हा कायदा मला खुपतो. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. त्यानुसार स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशांनी दोन घोट घ्यायलाही परवाना लागतो. बियरला वय 21, कडक दारूला 25. म्हणजे अठराव्या वर्षी आमदार निवडा, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढा; पण स्वतःच्याच लग्नाच्या पार्टीत व्हिस्कीला हात लावायचा नाही! आणि याच दारूच्या करावर तिजोरी भरायची.

मित्रांबरोबर बारमध्ये बसतो तेव्हा गल्ल्याजवळ एका दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक दिसतं. ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. खरी मेख इथेच आहे. एरवी कानाडोळा, आणि कुणाची खोड मोडायची झाली की नियमावर बोट.

दारूने धुळीला मिळालेले संसार मलाही ठाऊक आहेत. चंद्रपूरच्या बायकांनी लढून 2015 मध्ये जिल्ह्यात बंदी आणली, सरकारने ती 2021 मध्ये उठवली. त्यांना मारझोड थांबवायची होती. त्यासाठी माझ्या कपाटात सरकारने का डोकावावं?

धाकटा म्हणतो, ‘‘दादा, आजीवन परवाना काढून टाक, कटकट नको.’’

न पिणाऱ्याने?