ताई, मी आणि फ्रेंच सेव्हन्टी-फाइव्ह

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत दारूचं नाव बायका आवाज खाली करून घ्यायच्या. 1949चा दारूबंदीचा कायदा, पुढे निघालेल्या परमिट रूम, हे सगळं पुरुषांचं जग. घरातल्या बाईच्या वाट्याला यायचा तो पगाराच्या रात्री भिंतीला धरून जिना चढणारा माणूस. दारूपायी एका बिऱ्हाडाची पार वाताहत झालेली आम्ही बहिणींनी पाहिली आहे. आईने त्या वासाचा धसका घेतला होता आणि तो उगीच नव्हता.

अपवाद होत्या खोताचीवाडीतल्या आमच्या ओळखीच्या एक ईस्ट इंडियन मावशी. नाताळात कुलकुल्यांच्या ताटलीबरोबर घरी केलेल्या वाइनचा लहानसा पेला त्या पुढे करायच्या, सगळ्यांच्या देखत. आई हसून नको म्हणायची. दारू अशी चारचौघांत, खाण्याच्या जोडीनेही घेतात, हे मला तिथे कळलं.

ताईच्या मुलीने, माझ्या भाचीने, हॉटेल मॅनेजमेंट केलंय. ती गेलं वर्षभर मागे लागली होती, मावशी, एकदा आईला घेऊन माझ्याबरोबर चल. शेवटी एका संध्याकाळी निघालो. टॅक्सी चौपाटीपाशी कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरली आणि मलबार हिलच्या पोटातून जाऊन हा हा म्हणता वरळीला निघाली. ‘स्लिंक अँड बार्दो’ हा फ्रेंच वळणाचं जेवण देणारा बार वरळी कोळीवाड्यात, तटरक्षक दलाच्या ठाण्यासमोर, एका जुन्या बंगल्यात आहे. ताईने साडीचा पदर घट्ट धरला होता. आत आमच्या वयाच्या आणखी दोघी बायका निवांत गप्पा मारत बसलेल्या दिसल्या, तेव्हा तिने तो सोडला.

भाचीने आमच्यासाठी फ्रेंच सेव्हन्टी-फाइव्ह मागवलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याची 75 मिलिमीटरची तोफ गाजली होती, तिचं नाव या कॉकटेलला मिळालं. आम्ही काउंटरजवळच होतो, म्हणून सगळं नीट पाहता आलं. काउंटरमागच्या मुलाने मापाने 30 मिली जिन घेतली, लिंबू तिथल्या तिथे पिळलं, साखरेचा पाक घातला आणि बर्फ टाकून शेकर असा हलवला की स्टीलवर पांढरं दव धरलं. मग गाळून उंच पेल्यात ओतलं आणि वरून फसफसणारी वाइन, पेला तिरका धरून, अगदी सावकाश. शेवटी लिंबाची साल पेल्यावर पिळली. तिच्यातल्या तेलाचा बारीक फवारा उडाला आणि वास थेट आमच्यापर्यंत आला.

“यात दारू नक्की किती?” ताईने त्याला विचारलं. त्याने न हसता, मापाचं भांडं समोर धरून दाखवलं. मला तो मुलगा फार आवडला. परमिट रूममध्ये कुणी कुणाच्या बायकोला असं माप दाखवलं असेल?

खरं तर या फसफसत्या वाइनचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. 1980च्या दशकात शामराव चौगुलेंनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने ती करायला घेतली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. आता नाशिककडे तर फ्रेंच कंपनीचीच वायनरी आहे. आपल्या मातीतली द्राक्षं आहेत ही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आधी कांद्याचं सूप आलं. वर चीज घालून भाजलेला पाव, त्याखाली तपकिरी रस. ताईने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, “हा कांदा तासभर तरी परतलाय.” बरोबर होतं. मंद आचेवर, लोण्यात, करपू न देता. फ्रेंच स्वयंपाकी त्यापाशी तितकाच वेळ उभा राहतो जितका आपली आजी वाटणाच्या कढईपाशी राहायची. मग मासा. त्यावर पांढरट, चकचकीत सॉस, बर ब्लाँ. बारीक कांदा, व्हाइट वाइन आणि व्हिनेगर आटवायचं आणि त्यात गार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटायचे. उकळी आली की फाटला. भाची सांगत होती आणि ताई मन लावून ऐकत होती. पन्नास वर्षं ओट्यापाशी उभी राहिलेली बाई दुसऱ्याच्या कष्टाची किंमत लगेच ओळखते.

पेला मात्र तिने अर्धाच घेतला. घोट, मग मासा, मग पाणी, मग पुन्हा घोट. तिच्या गालावर थोडी लाली आली आणि ती आईबद्दल बोलायला लागली. आई गेल्यापासून इतकं मोकळं ती माझ्याशी बोलली नव्हती. आईच्या धास्तीबद्दल, त्या उद्ध्वस्त झालेल्या घराबद्दल, त्या घरातल्या बाईला आई गुपचूप पिठाचा डबा भरून द्यायची त्याबद्दल. हे शेवटचं मला ठाऊकच नव्हतं.

बिल आलं ते ताईने भाचीच्या हातातून काढून घेतलं आणि मोजून पैसे ठेवले. “माझ्या पंचाहत्तरीला हॉल घेऊ नका,” ती म्हणाली. “दोघी जावांना इथे घेऊन येणार आहे.”