कॉफीच्या आडून

मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी निमित्ताची. चहाला कारण लागत नाही. कॉफीला परीक्षेची रात्र लागते, घसा बसावा लागतो, नाहीतर दारात व्याही यावे लागतात. मग दुधात उकळलेली, सढळ साखरेची कॉफी होते आणि तिच्यावर जायफळ किसलं जातं. झोप उडवणारी कॉफी आणि झोप आणणारं जायफळ एकाच कपात घालण्यात काही विसंगती आहे, असं माझ्या आईला कधी वाटलं नाही. मलाही चाळिशी उलटेपर्यंत वाटलं नव्हतं.

तर अशा निष्कलंक चारित्र्याच्या पेयात रम घातली, की कॉफीचं काय होतं? माझा अनुभव असा, की कॉफी बिघडत नाही, रम सुधारते. निदान लोकांच्या नजरेत तरी. मुलुंड-बोरिवलीच्या ज्या घरांत बाटली लोखंडी कपाटात, जुन्या शालीमागे उभी असते, तिथे कॉफी लिक्युअर मात्र काचेच्या कपाटात लोणच्याशेजारी राहू शकतं. रंग कॉफीचा, वास कॉफीचा, आणि घेण्याची वेळही जेवणानंतरची.

युरोपच्या नियमांत लिक्युअर म्हणवून घ्यायचं तर लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. म्हणजे मद्यच, पण गोडाच्या जेवणात बसणारं. कॉफीच्या लिक्युअरमध्ये सर्वांत गाजलेलं काहलुआ. मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझमध्ये, तिथल्याच कॉफीपासून आणि उसाच्या मद्यापासून ते १९३६ साली तयार झालं. त्याच वर्षी आपल्या चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. दोन्ही ठिकाणी खटाटोप कॉफी खपवण्याचाच. तिकडे त्यांनी ती मद्यात घातली, इकडे आपण ती फेटेवाल्या वेटरच्या हातात दिली. आपल्या कॉफीभोवती मग गप्पा जमल्या, चळवळी जमल्या, पण तिच्यात कुणी काही मिसळलं नाही. मिसळलं असेल तर घरी जाऊन.

आमच्या पिढीला काहलुआ माहीत झालं ते ड्यूटी फ्रीच्या पिशवीतून. परदेशी मद्यावर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे दुकानातली किंमत बघून माणूस शुद्धीवरच येई. अमेरिकेतला चुलतभाऊ सहार विमानतळावर उतरला की त्याच्या बॅगेतून चॉकलेटं, बदाम आणि ती तपकिरी बाटली निघे. आता गोव्यात बंदरफुलसारखी कोल्ड ब्रूपासून केलेली देशी लिक्युअरं निघाली आहेत आणि ती चांगली आहेत. पण घरी करण्यातली मजा वेगळी, आणि कृती बासुंदीपेक्षा सोपी.

१०० ग्रॅम कॉफी जाडसर दळून आणायची. बारीक पूड नको, ती गाळताना रडवते. ७०० मिली गार पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये रात्रभर आणि वर सकाळभर ठेवायची. गाळल्यावर साधारण अर्धा लिटर हाती येतं. बाकीचं पाणी चोथा पिऊन टाकतो. त्यात ३५० ग्रॅम साखर पूर्ण विरघळवायची. साखर थेट रममध्ये घातली तर ती तळाशी बसून राहते, तिला पाणीच लागतं. मग ७५० मिलीची रमची एक बाटली ओतायची. ओल्ड मंक असेल तर व्हॅनिला घालायची गरज नाही, त्या रमच्या अंगातच तो वास आहे. जायफळ घालायचं तर चिमूटभर, तेही शेवटी. दोन आठवडे अंधारात ठेवलं की कॉफी आणि रम वेगवेगळ्या लागायच्या थांबतात.

आता थोडा हिशोब, कारण मला असे हिशोब आवडतात. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो. सरळ ४० किंवा ४३ का नाही? हे ब्रिटिशांचं उरलेलं माप आहे. त्यांचं शंभर प्रूफ म्हणजे ५७ टक्क्यांच्या किंचित वर. एके काळी बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटते का हे पाहत, त्यातून आलेलं. त्याचे पंचाहत्तर टक्के काढले की ४२.८. साहेब गेला, बंदुकीची दारू गेली, दशांश चिन्ह राहिलं. तर बाटलीत ३२१ मिली अल्कोहोल. कॉफी आणि विरघळलेली साखर धरून एकूण ऐवज दीड लिटरला जरा कमी. म्हणजे आपलं लिक्युअर २२ टक्क्यांच्या आसपास. काहलुआही साधारण विशीतच. हात न थरथरता केलेल्या कामाला हे प्रशस्तिपत्र पुरे.

काहीजण कॉफी थेट रममध्ये भिजवतात. मद्य कॉफीतलं तेल पाण्यापेक्षा जास्त खेचतं, त्यामुळे वास दणदणीत येतो, पण दिवसभरापेक्षा जास्त ठेवलं तर लाकडासारखा कडवटपणाही येतो. मी एकदा आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामींकडे त्यांच्या फिल्टरचं डिकॉक्शन मागितलं. मामी मुलुंडच्या जुन्या तमिळ घरातल्या, मद्याला हात न लावणाऱ्या. कशासाठी हवं ते ऐकून त्यांनी रमबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "अगं, डिकॉक्शन त्या दिवसापुरतं असतं. दोन आठवडे? छे! आणि तुझ्या पुडीत चिकोरी आहे का ते आधी बघ." चिकोरी होती. तीस टक्के. कपात चिकोरी दाटपणा देते, बाटलीत मात्र ती काढ्याची आठवण करून देते. मामींनी पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मी-निम्मी घ्यायला सांगितली. मला पुढे मान्सून्ड मलबार जास्त आवडली. पश्चिम किनाऱ्याच्या पावसाळी हवेत मुद्दाम फुगवलेले ते दाणे, आंबटपणा जवळजवळ नाही. उपनगरात जून ते सप्टेंबर डब्यातली प्रत्येक वस्तू आपोआप मान्सून्ड होते, तो भाग वेगळा.

काढ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, मद्याने आडून येण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. बाळंतिणीला दशमूलारिष्ट, अशक्त माणसाला द्राक्षासव. आसव-अरिष्टांत किण्वनाने आपसूक तयार झालेलं अल्कोहोल असतं, आणि ते सोवळ्यातल्या आजीनेही चमच्याने घेतलेलं आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सगळंच बंद करायचं ठरवलं, तेव्हा बलसारा नावाचे एक मुंबईकर कोर्टात गेले. व्हिस्की-ब्रँडीबरोबर त्यांना औषधी वाइन आणि यू द कोलोनसुद्धा हवं होतं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी राखला, पण औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी उठवली. म्हणजे औषधाच्या बाटलीतलं मद्य न्यायालयानेही वेगळं मानलं. तो कायदा आजही आहे. परवाना घेणाऱ्याला मद्य लागतं ते कागदोपत्री प्रकृती जपण्यासाठी. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत, आणि रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण झालेली हवी. इतक्या सज्जन भाषेत पिण्याची परवानगी जगात फार ठिकाणी मिळत नसावी.

हे आडपडदे ज्यांना कधी लागलेच नाहीत ते आमचे शेजारी म्हणजे मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. मरोळ, चकाला, सहार, वझिरा ही त्यांची गावठाणं. विमानतळ आणि टॉवर नंतर आले. बोली मराठी, लग्नात नऊवारी लुगडं, आणि त्याच लग्नात खिमाड: देशी दारूत मसाले आणि साखर घालून गरम केलेलं पेय. बारशालाही तेच. लिक्युअरची व्याख्या लावली तर खिमाड तिच्या अगदी जवळ जातं, फक्त ते लोणच्याशेजारी लपत नाही, अंगणात सगळ्यांसमोर ओतलं जातं. आमच्याकडे सत्यनारायणाला तीर्थ आणि त्यांच्याकडे बारशाला खिमाड, अंतर एका गल्लीचं. कॉफी लिक्युअरचं कौतुक मला आहेच, पण या मोकळेपणापुढे ते जरा भित्रं वाटतं.

घ्यायचं कसं? बारमध्ये व्होडका आणि एस्प्रेसोबरोबर हलवून, वर तीन दाणे ठेवून देतात. लंडनच्या डिक ब्रॅडसेल यांनी ऐंशीच्या दशकात रचलेलं ते कॉकटेल अंधेरीच्या लिंक रोडवर आता चांगलंच रुळलं आहे. मला ते फार धावपळीचं वाटतं. त्यापेक्षा थंडगार, लहान पेल्यात, बर्फाशिवाय. किंवा शहाळ्याच्या आइस्क्रीमवर दोन चमचे. बासुंदीवर घालून पाहिलं. दुधाने दुधाचं काम केलं, कॉफीने कॉफीचं, आणि कुणालाच श्रेय मिळालं नाही.

३१ डिसेंबरला माझी मावशी आली होती. 'आमच्यात चालत नाही'वाली. आइस्क्रीमवर रम आहे हे तिला आधीच सांगितलं होतं. तिने वाटी संपवली, पुन्हा भरून घेतली, आणि कृती मागितली. लिहून घेता घेता थांबली. "रमच्या जागी दुसरं काही?" मी म्हटलं, रम काढलीस तर आठवड्याभरात बुरशी येईल, बाटली टिकते ती तिच्यावरच. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "मग राहू दे. तूच करून पाठवत जा. बरणीत दे, बाटलीत नको."